खाद्य बदललं आणि शेपट्या चावायला लागली

भरडेवाला
गटात वाचतो बरेच दिवस, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वाढीची चोवीस डुकरं आहेत, वजनं ३५ ते ४५ किलोच्या आसपास. दोन कप्पे, प्रत्येकात बारा. तयार गोळी खाद्य बंद करून साडेतीन आठवड्यांपूर्वी घरीच भरडा करायला घेतला. मका, पेंड, गव्हाचा कोंडा आणि पिशवीतलं खनिज मिश्रण. कागदावर हिशेब करून प्रथिनं आधीइतकीच ठेवली. पहिले दहा-बारा दिवस झकास गेले. मग मागच्या कप्प्यात एकाच्या शेपटीला रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशी तिघांच्या. आज पाच जण जखमी आहेत.

चावणारं एकच आहे. कप्प्यातलं सगळ्यात किरकोळ. पण रक्त निघालं की बाकीचीही चाटायला येतात. एरवीही भिंती चाटत बसतात, एकमेकांची लघवी चाटतात, त्यामुळे त्यांना ती सवयच असावी. पुढच्या कप्प्यात मात्र एकालाही काही नाही. खाद्य दोन्हीकडे एकाच ढिगातलं. म्हणजे खाद्याचा दोष नाही, त्या एकाचा स्वभावच वाईट, असं माझं मत झालंय. विकून टाकू का?

आगाऊ_बोकड
विका. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो.

कोंड्याचा मांडा
थांबा, विकायची घाई नको. भिंती चाटतात, लघवी चाटतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला तीच खरी बातमी वाटतेय. भरड्यात मीठ किती घालता?

भरडेवाला
वेगळं नाही घालत. खनिज मिश्रण आहे ना, त्यात असतंच की.

कोंड्याचा मांडा
पिशवी उलटी करून मागचं वाचा. मी पण पहिल्या वर्षी हेच म्हणायचे.

भरडेवाला
वाचलं. कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, आयोडीन. मीठ नाही. सोडियमचं नावही नाही. डोक्याला हात लावला.

निवृत्त_पशुवैद्य
आता बाकीच्या चौकशीआधी मीठ बोलून घेऊ.

मक्यात आणि पेंडीत सोडियम जवळजवळ नसतंच. तयार खाद्यात ते आधीच घातलेलं असतं, म्हणून ते घेणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं आणि घरी भरडा सुरू केला की हीच वस्तू हमखास राहते. प्रमाण अगदी थोडं आहे, १०० किलो भरड्याला ३०० ते ४०० ग्रॅम. ते नसलं की डुक्कर जिथून मिळेल तिथून मीठ शोधतं. भिंतीला आलेला क्षार, लघवी, आणि रक्त. रक्त खारट असतं. मीठ न घातलेलं खाद्य देऊन केलेल्या प्रयोगांत डुकरं रक्तात भिजवलेली दोरी जास्त चघळतात असं दिसलंय. शेपटीला पहिली जखम कशानेही होऊ दे, पुढची गर्दी जमते ती या चवीपायी.

भूकही मंदावते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तुमच्या डुकरांची वाढ गेल्या दोन आठवड्यांत थोडी बसली असणार.

आगाऊ_बोकड
मग काय, उद्या सकाळी दोन मुठी जास्तच मीठ टाका, बॅकलॉग भरून निघेल.

निवृत्त_पशुवैद्य
हे करू नका. मुद्दाम लगेच लिहितोय, कुणी वाचून करून बसेल.

मिठाची विषबाधा डुकरात सहज होते, आणि गंमत अशी की पुष्कळदा ती मीठ जास्त झाल्याने होत नाही, पाणी कमी पडल्याने होते. नेहमीचंच मीठ खाऊन पाणी दिवसभर बंद राहिलं तरी पुरे. रक्तातलं आणि मेंदूतलं सोडियम वाढतं. आधी मलावरोध होतो, तहान दिसते. मग डुक्कर आंधळ्यासारखं भटकतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, कुत्र्यासारखं बसतं, नाक वर करत मागे मागे सरकतं आणि झटके येतात. अशा वेळी माणूस घाबरून बादल्या भरून पाणी ओततो, तिथेच घात होतो. मेंदूत साठलेलं मीठ पाणी ओढून घेतं आणि मेंदू सुजतो. पाणी घोट-घोट, थोड्या थोड्या वेळाने द्यावं लागतं आणि पशुवैद्याला तातडीने बोलवावं लागतं.

तेव्हा भरडेवाले, मीठ घालण्याआधी एक काम. दोन्ही कप्प्यांत डुकरं ज्यातून पाणी पितात त्या निपलखाली बाटली धरा, घड्याळ लावा आणि मिनिटाला किती पाणी येतं ते इथे सांगा. या वयाच्या डुकराला साधारण एक लिटर यायला हवं.

साशंक
एक मूलभूत शंका. दोन्ही कप्प्यांत बिनमिठाचाच भरडा गेला. मग पुढची बारा शहाणी कशी राहिली? मिठाचा सिद्धांत इथे लंगडा पडतो.

निवृत्त_पशुवैद्य
रास्त प्रश्न. मीठ नसणं म्हणजे सरपण रचून ठेवणं. काडी कुणी ओढली ते अजून कळलेलं नाही. म्हणून विचारतो, ते किरकोळ डुक्कर चावतं कधी आणि कसं? दुपारी आडवं पडलेल्या शेजाऱ्याची शेपटी तोंडात घेऊन चघळत बसतं, की उभ्या डुकराच्या मागे जाऊन एकदम हिसका मारतं? पहिलं सहसा करमत नाही म्हणून होतं. उकरायला, चघळायला काही नसलं की शेपटीच हाताशी असते, म्हणजे तोंडाशी. दुसऱ्यात राग असतो, काहीतरी हवंय आणि मिळत नाहीये.

भरडेवाला
हिसका. आणि खाद्य टाकल्यावरच. बाकीची गव्हाणीला लागतात, हे मागे उभं राहतं, मग एखाद्याची शेपटी ओढतं. तो कोकलून वळला की याचं डोकं आत. आत्ता लिहिताना कळतंय की मी हे रोज बघत होतो.

निपल मोजले. पुढचा कप्पा, मिनिटाला ९०० मिली. मागचा, ३५०. गाळणीत गाळ अडकला होता.

गव्हाणी पण मोजली, कुणी विचारायच्या आत. पुढची ३ मीटर, मागची २.

कोंड्याचा मांडा
सगळी एकदम खाणार असतील तर प्रत्येकाला खांदा मावेल एवढी जागा हवी. या वजनाला पाव मीटरच्या आसपास धरा. बारांना तीन मीटर. दोन मीटरमध्ये आठच मावतात, उरलेली चार मागे, आणि त्यातलं सगळ्यात लहान सगळ्यात मागे.

तयार गोळी होती तेव्हा ती दिवसभर पडून असायची का?

भरडेवाला
हो! डब्यात सतत असायची. भरडा मी दोनदाच टाकतो, सकाळ-संध्याकाळ, वाया जाऊ नये म्हणून.

साशंक
मान्य. काडी सापडली. मिठाच्या सिद्धांताला लंगडा म्हटलं ते मी परत घेतो.

निवृत्त_पशुवैद्य
बघा, खाद्य बदललं म्हणताना आपण फक्त पिशवीकडे बघतो. तुमच्याकडे एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या. काय खायचं, किती वेळा, किती जणांनी एकदम आणि कोरड्या भरड्यासोबत किती पाणी. डुकराला किलोभर खाद्यामागे दोन-तीन लिटर पाणी लागतं. निपल मंद असला की ते पाणी कमी पितं, मग खाणंही कमी करतं, आणि निपलपाशीही रांग लागते. रांग लागली की भांडणं.

आणखी दोन प्रश्न. पेंड सगळी सोयाबीनचीच? आणि भरडा किती बारीक?

भरडेवाला
पेंड निम्मी सोयाबीनची, निम्मी शेंगदाण्याची. भरडा अगदी पिठासारखा. बारीक दळलं की चांगलं पचतं असं ऐकलं होतं.

निवृत्त_पशुवैद्य
ऐकलं ते अर्धं खरं आहे. बारीक दळलेलं जास्त पचतं, पण डुकराच्या जठराला ते मानवत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या भागावर श्लेष्म्याचं संरक्षण नसतं. पीठ खाल्लं की जठरातला गोळा पातळ राहतो, घुसळला जातो आणि आम्ल वरपर्यंत पोचतं. तिथे व्रण होतो. असं डुक्कर दात खातं, थोडं खाऊन मागे सरतं, फिकट पडतं, डांबरासारखं काळं हगतं. कधी काहीच न दाखवता रात्रीत रक्तस्राव होऊन मरतं. कित्येक तास गव्हाणी रिकामी राहून मग एकदम भरणं, हेही व्रणाला आमंत्रणच. दळण रवाळ ठेवा. चिमटीत कण जाणवले पाहिजेत. मोजायचंच झालं तर सरासरी कण ६०० ते ७०० मायक्रॉन.

पेंडीबद्दल. प्रथिनांची टक्केवारी कागदावर जुळते, पण डुकराला टक्केवारी पचवायची नसते, अमिनो आम्लं हवी असतात. त्याला सगळ्यात आधी कमी पडतं ते लायसिन. मक्यात ते कमी, शेंगदाणा पेंडीतही कमी. दोन्ही एकत्र आले की बेरीज बरोबर दिसते आणि डुक्कर मात्र वाढत नाही, नुसती चरबी धरतं. ट्रिप्टोफॅनचीही तीच गत. मक्यात ते तोकडं असतं, आणि मेंदूतलं सेरोटोनिन त्यापासूनच बनतं. ते कमी पडलं की डुकरं चिडकी, अस्वस्थ होतात. निम्मी पेंड बदलल्याने तुमच्याकडे असं झालंच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण सोयाबीनचा वाटा वाढवा किंवा बाहेरून लायसिन घाला. शेंगदाणा पेंड ठेवायचीच असेल तर बुरशी नीट बघून घ्या. तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, सगळ्यात आधी यकृत धरतं.

वखर
अवांतर होतंय, पण चावण्यावरून आठवलं. माझ्या गाभण माद्या एकमेकींना काही करत नाहीत, पण समोरचा लोखंडी गज चावत राहतात. तासन्‌तास. काही जणी तोंडात काहीही नसताना चघळतात, तोंडाला फेस. कॅल्शियम दिलं, जंताचं औषध दिलं, फरक शून्य. अंगाने चांगल्या आहेत, दिवसाला सव्वादोन किलो देतो.

कोंड्याचा मांडा
वखर, त्या उपाशी आहेत हो.

अंगाने चांगल्या आणि तरी उपाशी. गाभणपणी मोजूनच द्यावं लागतं, कारण फार लठ्ठ झाली तर विताना अडते आणि पुढे दुधावर असताना खात नाही, नेमकी जेव्हा सहा-आठ किलो खायला हवं तेव्हाच. पण सव्वादोन किलोचं दाट खाद्य ती वीस मिनिटांत संपवते. उरलेल्या दिवसभर पोट रिकामं आणि तोंडही. मग गज. मी तेवढ्याच पोषणाला चोथा वाढवला. कोंडा जास्त, बीटचा चोथा मिळाला तर तो भिजवून, आणि रोज पेंढ्याची मोकळी मूठ. चोथा मोठ्या आतड्यात हळूहळू आंबतो, त्यामुळे पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं. गज चावणं पूर्ण नाही थांबलं. जुन्या माद्यांची सवय सहसा जात नाही. पण नव्या आलेल्या एकीनेही गज धरला नाही. शिवाय विण्याआधी पोट साफ राहतं हा फायदा वेगळाच.

निवृत्त_पशुवैद्य
+१. युरोपीय संघाने तर हे नियमातच घातलंय. गाभण माद्यांना पोट भरेल असं चोथायुक्त खाद्य द्यावंच लागतं. फक्त चोथा वाढवताना पाणी वाढवायला विसरू नका.

टिचभर_शेती
मीही रांगेत उभा राहतो. माझ्या साडेतीन महिन्यांच्या माद्यांची मागची बाजू लाल होऊन सुजलीय, माजावर आल्यासारखी. इतक्या लवकर? शेजारचे म्हणतात जात चांगली आहे.

कोंड्याचा मांडा
मका कधीचा आहे?

टिचभर_शेती
मागच्या हंगामातला. थोडा भिजला होता, वाळवून घेतला. वर बुरशी दिसत नाही.

निवृत्त_पशुवैद्य
तो देणं आजपासून बंद. फ्युझेरियम नावाची बुरशी झिअरॅलेनोन तयार करते आणि शरीर त्या विषाला इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक समजतं. म्हणून हा खोटा माज. वयात आलेल्या माद्यांत याच विषाने माज चुकतो, उलटतात म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. बुरशी डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. ती वाळवल्यावर मरते, विष तसंच राहतं आणि भाजून किंवा उकळूनही भरवशाने जात नाही. दाणे बदलले की सूज हळूहळू उतरते. मका तपासायला द्या.

याच बुरशीचं दुसरं विष आहे, डिऑक्सिनिव्हॅलेनोल. त्याचं टोपणनावच व्हॉमिटॉक्सिन. किलोमागे एखादा मिलिग्रॅम असला तरी डुकरं खाणं कमी करतात, जास्त असलं तर ओकतात. पाळीव जनावरांत डुक्कर याला सगळ्यात नाजूक. म्हणून डुकरांनी चांगल्या दिसणाऱ्या भरड्यापासून नाक फिरवलं तर त्यांना नखरेल म्हणण्याआधी पोत्यात हात घालून खालचा मूठभर भरडा हुंगून बघा.

साशंक
इतकं सगळं वाचून प्रश्न पडतो की मोकळी फिरणारी, उष्टं-खरकटं खाणारी डुकरं मग जगतात कशी? त्यांना ना लायसिन मोजून, ना मीठ मोजून. आपण बंदिस्त करून आजार विकत घेतोय असं नाही का?

निवृत्त_पशुवैद्य
अर्धा मुद्दा मान्य. नवजात पिल्लाचंच घ्या. त्याला दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून मिळतं १ च्या आसपास. मातीत उकरणारं पिल्लू उरलेलं मातीतून घेतं. सिमेंटच्या जमिनीवरचं पिल्लू दोन-तीन आठवड्यांत पांढरंफटक पडतं, धापा टाकतं. म्हणून पहिल्या तीन-चार दिवसांत लोहाचं इंजेक्शन. जे आपण काढून घेतलं ते आपणच परत द्यायचं. उकरणाऱ्या डुकराला दिवसभर कामही असतं. त्याला शेजाऱ्याच्या शेपटीकडे बघायला फुरसत नसते.

खरकट्याच्या बाबतीत मात्र ठाम नाही म्हणेन. आफ्रिकन स्वाइन फीव्हर १९५७ मध्ये पहिल्यांदा आफ्रिकेबाहेर पोर्तुगालमध्ये पोचला तो विमानातलं उरलेलं अन्न लिस्बनजवळच्या डुकरांना घातल्याने, असं मानलं जातं. २००१ ची ब्रिटनमधली लाळ्या-खुरकुताची साथ न उकळलेल्या खरकट्यापासून सुरू झाली असावी असाच निष्कर्ष निघाला. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली आणि तिथे खरकटं घालण्यावर बंदी आली. मांसाचा एक तुकडा पुरतो. आफ्रिकन स्वाइन फीव्हर झालेल्या डुकरावर औषध नाही.

वखर
खरकट्यात मीठ किती जातं याचाही अंदाज नसतो. परत वरच्याच गोष्टीवर आलो.

भरडेवाला
दोन दिवसांचा हिशेब देतो. गाळण्या धुतल्या, मागच्या कप्प्यात दुसरा निपल बसवला, आता दोन्ही ९०० च्या वर. दोन दिवस पाणी नीट चालतंय हे बघून मगच मीठ सुरू केलं, १०० किलोला १५० ग्रॅम, आठवड्याने ३५० करेन. मागे एक मीटरची गव्हाणी जोडली. तोवर चार वेळा थोडं थोडं टाकतोय. दळण रवाळ केलं. चावणारं आणि सगळ्यात जास्त जखमी झालेलं, दोघांना वेगवेगळं काढलं. पेंढ्याच्या जुड्या आणि जाड सुती दोर टांगलेत.

निवृत्त_पशुवैद्य
उत्तम. जखमी शेपट्या रोज बघा. सूज शेपटीच्या मुळाकडे चढली तर थांबू नका, पशुवैद्याला दाखवा. पू कण्यापर्यंत पोचतो आणि मागचे पाय जातात.

सुगरण_पक्षी
वाचनमात्र होते, पण राहवत नाही. दूध तोडलेल्या पिल्लांच्या हगवणीवर पण लिहा ना डॉक्टर. चार आठवड्यांची तोडते, पाचव्या दिवशी हमखास पातळ होतं.

निवृत्त_पशुवैद्य
त्याला स्वतंत्र धागा काढा, मोठा विषय आहे. तूर्तास इतकंच की त्या वयात जास्त प्रथिन म्हणजे जास्त वाढ नव्हे. दुधावर वाढलेल्या आतड्याला इतकी पेंड एकदम पचत नाही. न पचलेलं प्रथिन खाली जातं आणि तिथल्या ई. कोलाय जंतूंचं फावतं. प्रथिन १८ टक्क्यांच्या आसपास आणा आणि अमिनो आम्लं बाहेरून भरा. तोडण्याआधी आठवडाभर आईजवळच चिमूटभर खाद्य चाखायला द्या, रोज ताजं.

भरडेवाला
अकरावा दिवस. भिंती चाटणं पाच-सहा दिवसांत बंद झालं, ते तर मला जादूच वाटलं. नवीन जखम एकही नाही. एकाची शेपटी सुजली होती, पशुवैद्यांनी इंजेक्शनं दिली, आता बरी आहे. पुढच्या कप्प्यात कधी चावाचावी झाली नव्हती, पण चाटणं तिथेही होतं, माझं लक्ष नव्हतं. तेही थांबलं.

त्या किरकोळाचं वजन केलं. ३१ किलो निघालं. कप्प्यातल्या बाकीच्यांपेक्षा दहा-बारा किलोंनी कमी. म्हणजे महिनाभर त्याला पोटभर मिळालेलंच नव्हतं. आता एकटं खातंय आणि खाताना अजूनही मागे वळून बघतं. परत आत सोडू का?

कोंड्याचा मांडा
इतक्यात नको. सोडलं तर बाकीची त्यालाच धरतील, इतके दिवस बाहेर राहिल्यावर ओळख पुसते. शेजारी जाळीपल्याड ठेवा. वजनाने जवळचं, शांत असं एखादं त्याच्या सोबतीला द्या आणि दोघांची गव्हाणी लांब ठेवा.

भरडेवाला
ज्याची शेपटी त्याने सगळ्यात जास्त फाडली होती तेच वजनाने जवळचं आहे. जाळीतून नाकं लावून झोपतात दोघं. उद्या जाळी काढून बघतो, मी तिथेच बसेन.

आगाऊ_बोकड
म्हणजे विकत नाही तर.